चौसष्ट मशीनं आणि चमचाभर विरजण

"शेजारी शेजाऱ्याला देत का नाही, वस्ताद?"

श्रेणिक मगदूमनं हे चपला काढायच्या आधीच विचारलं. तीन वर्षांनी येत होता. कसे आहात नाही, काही नाही.

वस्ताद ओट्यावर लसूण सोलत बसले होते.

"कोण शेजारी?"

"मशीनं. आमच्या दवाखान्यातले कॉम्प्युटर. चौसष्ट आहेत."

"भांडण झालंय त्यांचं?"

"नाही ना. सगळी द्यायला तयार आहेत. पण देत नाहीत."

वस्तादांनी आणखी एक पाकळी सोलली.

"बस."

आमचे वस्ताद दस्तगीर मुलाणी बत्तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढले. निवृत्त झाल्यावर ऑफिसांमधून कॉम्प्युटरच्या तारा ओढू लागले. आमच्या तालुक्यात ज्याला म्हणून दोन तारा जोडता येतात, त्यानं कधी ना कधी या ओट्यावर बसून स्वतःचं बोट कापून घेतलेलं आहे. आता त्यांचे हात थरथरतात. शिकवणं चालूच आहे.

श्रेणिक त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. इथून पुण्याला गेला, चार सर्टिफिकिटं घेऊन परत आला आणि ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यात सगळ्या मशीनांचा मुख्य झाला. मीही शिष्यच. पण मला फारसं काही आलं नाही, म्हणून मी इथंच राहिलो.

"सांग," वस्ताद म्हणाले.

"दर महिन्याला कंपनीचा अपडेट येतो. चौसष्ट मशीनांनी तो एकदम बाहेरून ओढायला घेतला की लाइन तुंबते. आमच्याकडं बाहेरची लाइन एकच, आणि ती पण बारीक. म्हणून मी सेटिंग केलं. एखाद्या मशीननं बाहेरून आणायचा, बाकीच्यांनी त्याच्याकडून घ्यायचा. त्यांच्याकडून आणखी पुढच्यांनी. सगळं घरातल्या घरात."

"चांगलं केलंस."

"चांगलंच केलंय. तीनदा तपासलं. प्रत्येक मशीनवर 'शेजाऱ्याला द्या' चालू आहे. आणि महिन्याच्या शेवटी रिपोर्ट काढला तर..."

तो थांबला.

"तर?"

"शेजाऱ्याकडून शून्य टक्के. चौसष्टच्या चौसष्ट बाहेरच्या रांगेत उभी."

मला हसू आलं. श्रेणिकनं माझ्याकडं बघितलं. मी लसणाची टरफलं गोळा करायला लागलो.

"मग तुंबू दे की," वस्ताद म्हणाले. "अपडेट उद्या मिळाला काय, परवा मिळाला काय."

"त्याच लाइनवर डोळ्यांचे फोटो येतात, वस्ताद."

आता त्याचा आवाज जरा खाली आला. गावोगावच्या शिबिरांत पेशंटच्या डोळ्यातल्या पडद्याचा फोटो काढतात, तो दवाखान्यात येतो, डॉक्टर बघून लगेच सांगतात: हा घरी जाऊ दे, याला आजच घेऊन या. मागच्या महिन्यात शिबिर आणि अपडेट एकाच दिवशी आले. रुक्मावा धनगर नावाच्या बाईंचा फोटो चार तास वाटेतच अडकला. तोवर दवाखान्यातले डॉक्टर दुसऱ्या गावाला निघून गेले होते. बाई आठ मैल चालत आल्या होत्या, तशाच परत गेल्या.

"उजवा डोळा आहे. डावा आधीच गेलाय. त्यांना या शुक्रवारी परत बोलावलंय," श्रेणिक म्हणाला. "आणि नवा अपडेटसुद्धा शुक्रवारीच आहे. दोनदा पुढं ढकलला. त्यात सुरक्षेतल्या एका मोठ्या भोकाचं ठिगळ आहे, आता आणखी ढकलता येत नाही."

"त्या दिवशी तू काय केलंस?"

"मी नव्हतो. मावसभावाच्या लग्नाला गेलो होतो."

"मग तिथं कोण होतं?"

"पाटोळेबाई. फोटोच्या मशीनवर असतात."

"त्यांना काही करता आलं नाही?"

"त्यांना कसं येणार? त्यांना मी हातच लावू देत नाही. सारख्या मागं लागतात, सर, मला दाखवून ठेवा, सर, मला लिहून द्या. एकदा दाखवलं की दहा ठिकाणी बोट घालतील. माझं काम मी स्वतः करतो. काम झालं की मागं काही ठेवत नाही. मशीनंसुद्धा तशीच ठेवलीत. काम संपलं की आतलं सगळं पुसून टाकणारा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिलाय. एकेक मशीन आतून आरसा आहे, वस्ताद."

वस्तादांनी लसणाची वाटी बाजूला ठेवली.

"जेवलास?"

"जेवायला नाही आलो."

"आता आलाच आहेस तर जेव."

भाकरी होती, लसणाची चटणी होती आणि मातीच्या भांड्यात दही होतं. वस्ताद दही स्वतः लावतात. चाची, म्हणजे त्यांची बायको, गेल्यापासून घरातली दोनच कामं ते मला करू देत नाहीत, एक दही लावणं आणि दुसरं तिच्या तुळशीला पाणी घालणं. तुळस का, असं एकदा विचारलं होतं. "तिला खोकला व्हायचा," एवढंच म्हणाले.

श्रेणिकनं रागानं जेवायला सुरुवात केली, आणि मग भुकेनं जेवला. दही त्याला लहानपणापासून आवडतं. त्यानं भांडं वाकडं केलं, बोटानं कड पुसून घेतली.

तळाशी थोडं उरलं होतं.

"संपव," वस्ताद म्हणाले.

मी "अहो" म्हणायला तोंड उघडलं. वस्तादांनी माझ्याकडं पाहिलं. मी तोंड मिटलं.

त्यानं संपवलं. मग उठला आणि कुणी न सांगता भांडं मोरीवर नेलं. नारळाच्या शेंडीनं घासलं, गरम पाण्यानं दोनदा विसळलं, उन्हात उपडं घातलं. त्याची ही सवय जुनीच. त्याच्या हाताखालून गेलेल्या भांड्याला मुंगीसुद्धा लागत नाही.

"हात चांगला आहे तुझा," वस्ताद म्हणाले.

श्रेणिक खूश झाला. कितीही सर्टिफिकिटं घेतलेली असली तरी वस्तादांचं एक वाक्य त्याला पुरतं, हे मी आधीपासून बघत आलोय.

वस्तादांनी चुलीवरचं दूध खाली उतरवलं. करंगळी बुडवून बघितली. कोमट झालं होतं. घासलेल्या भांड्यात ओतलं आणि भांडं श्रेणिकपुढं सरकवलं.

"उद्याचं दही लाव."

"मी?"

"खाल्लंस तूच ना?"

श्रेणिकनं इकडं तिकडं पाहिलं.

"विरजण?"

"होतं की."

"कुठं?"

उन्हात ज्या जागी भांडं उपडं घातलं होतं, तिथं पाण्याचा गोल डाग वाळत होता. श्रेणिक तिकडं बघत राहिला.

"बरं... मी दही विकत आणतो. एसटी स्टँडवर डेअरी आहे. गाडी आहे माझी, वीस मिनिटांत येतो."

"या बोळात घरं किती आहेत?"

"आठ... नऊ."

"आणि तू निघालास स्टँडवर."

श्रेणिकनं गाडीची किल्ली परत खिशात टाकली. ओट्यावरची छोटी वाटी उचलली आणि बोळात उतरला. दवाखान्यातल्या चौसष्ट मशीनांचा मुख्य हातात वाटी घेऊन दारोदार फिरतोय, हे बघायला मी ओट्याच्या कडेला जाऊन बसलो. एवढं सुख मी सोडलं नाही.

पहिल्या घराला कुलूप होतं. दुसऱ्या घरात कालच सगळ्याचं श्रीखंड झालं होतं. तिसरं घर गुरवकाकूंचं.

"विरजण हवं होतं थोडं," तो म्हणाला.

"कुणाकडं?"

"मुलाणींकडं. मी भांडं घासलं आणि..."

"घासायच्या आधी चमचाभर काढून ठेवावं न्हवं? आईनं एवढं पण शिकवलं नाही व्हय रे?"

काकू बोलायला तिखट, पण आत गेल्या आणि वाटी अर्धी भरून घेऊन आल्या.

"एवढं नको, काकू. तुम्हाला राहील का?"

"मला राहतंय. आणि हे त्यांच्याच घरचं हाय. परवा माझं नासलं, तवा मीच त्यांच्याकडनं आणलं हुतं."

श्रेणिक वाटी धरून सावकाश परत आला. ओट्यावर बसला. चमच्यानं थोडं दही दुधात सोडलं आणि ढवळायला लागला.

एक फेरा. दुसरा फेरा.

मग हात थांबला.

"वस्ताद..."

"हं."

"माझी मशीनंसुद्धा भांडं घासतात."

वस्तादांनी भांड्याचं झाकण जवळ ओढलं.

"अपडेट उतरवून घेतात, लावतात, आणि माझा प्रोग्रॅम लगेच उतरवलेलं सगळं पुसून टाकतो. शेजारचं मशीन मागायला येतं तेव्हा देण्याची परवानगी असते... पण द्यायला आत काही नसतंच. मग ते जातं बाहेर." त्यानं कपाळाला हात लावला. "तीन महिने मी परवानग्याच तपासत बसलोय."

"दूध गार होतंय. ढवळ."

त्यानं ढवळलं. झाकण ठेवलं. वस्तादांनी भांडं पोत्यात गुंडाळून कोनाड्यात नेऊन ठेवलं, हात थरथरत होते तरी स्वतःच नेलं. तोवर श्रेणिक चपला घालून उभा होता. तीन महिन्यांची चूक सापडलेला माणूस कुठं थांबतो?

"किती दिवसांचं ठेवणार मागं?" वस्तादांनी विचारलं.

"आठवड्याचं ठेवतो. तेवढ्यात सगळ्यांचं होतं. जागा पण फार जात नाही."

"बघ बाबा. मला त्यातलं काय कळतंय."

हे ते नेहमी म्हणतात.

काकूंच्या वाटीत थोडं विरजण उरलं होतं. वस्तादांनी निम्मं आपल्या पेल्यात काढून घेतलं, निम्मं एका झाकणाच्या स्टीलच्या वाटीत घातलं आणि ती श्रेणिकच्या हातात दिली.

"घरी लाव."

"आमच्याकडं असतं, वस्ताद."

"असू दे."

शुक्रवारी संध्याकाळी तो परत आला. गाडीचा आवाज बोळाच्या तोंडापासूनच ऐकू आला. या वेळी त्यानं चपला नीट काढून ठेवल्या, वस्तादांच्या पायाला हात लावला, माझ्याकडं बघून हसलासुद्धा. हातात तीच झाकणाची वाटी होती.

"दोन," तो म्हणाला.

"काय दोन?"

"दोनच मशीनं बाहेर गेली. एक वरच्या मजल्यावरचं, एक खालचं. बासष्टांनी घरातल्या घरात घेतलं. दुपारपर्यंत सगळ्यांचं झालं, आणि लाइन मोकळीच्या मोकळी. फोटो मिनिटाभरात येत होते."

"आणि त्या बाई?"

"रुक्मावांचा फोटो साडेदहाला आला. डॉक्टरांनी बघितला आणि शिबिराच्याच गाडीतून बोलावून घेतलं. दुपारी ऑपरेशन झालं." तो ओट्यावर टेकला. "डोळा राहील म्हणाले."

मी कोनाड्याकडं तोंड फिरवलं. त्या बाईला मी कधी पाहिलेलं नाही, पण आठ मैल चालणं काय असतं ते मला माहीत आहे.

वस्तादांनी डोळे मिटून मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

"आता काही म्हणा, वस्ताद," श्रेणिक ताठ बसला. त्याचा तो जुना ताठा परत आला होता, आणि खरं सांगायचं तर आज तो त्याला शोभत होता. "आता जिल्ह्यात अशी लाइन कुणाची नाही. मी आहे तोवर परत तुंबायची नाही."

"तू आहेस तोवर."

"म्हणजे काय! मी कुठं जातोय?"

"लग्नाला," मी म्हणालो.

त्यानं ते ऐकलं नाही, किंवा ऐकलं नसल्यासारखं केलं. दोन्ही हातांनी वाटी पुढं केली. झाकण काढलं. आत पांढरंशुभ्र घट्ट दही होतं, सुरीनं कापावं असं.

"तुमच्याच विरजणाचं. मी स्वतः लावलं. शेजारची वाटी रिकामी परत करू नये म्हणतात ना."

वस्तादांनी दह्याकडं पाहिलं. चांगलं लागलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून ते दिसत होतं.

वाटी मात्र त्यांनी हातात घेतली नाही.

"त्या लिहून द्या म्हणणाऱ्या पाटोळेबाई... राहतात कुठं?"

"दवाखान्याच्या मागं. लायनीतलं दुसरं घर."

"आज घरी असतील?"

"असतील की. शिबिर तीनलाच संपलं."

श्रेणिकचे हात तसेच पुढं होते. वस्तादांनी वाटीवर झाकण ठेवलं आणि तळव्यानं हलकेच दाबून नीट बसवलं.

"मग माझ्याकडं कशाला आलास?"