ठकूने शिवलेला दुसरा एप्रन

एका गावात खेमाजी नावाचा एक लोहार होता. ऐरणीपुढे उकिडवा बसून तो विळे, कोयते, नांगराचे फाळ घडवी आणि त्याची बायको गिरजा भाता ओढी. कामाला बसताना खेमाजी छातीपासून पोटऱ्यांपर्यंत येणारा चामड्याचा एप्रन बांधत असे. तो त्याच्या मित्राने, मसाजीने शिवून दिला होता. मसाजी वारून चार वर्षे झाली होती. ठिणग्यांनी एप्रनची चाळण झाली होती, मांडीवरचे कातडे तर कागदासारखे पातळ झाले होते. तरी खेमाजीचा त्याच्यावर जीव होता.

शेवटी गिरजाने हट्ट धरला, तेव्हा खेमाजी मसाजीच्या मुलीकडे, ठकूकडे गेला. बापामागे चामड्याचे काम तीच करत असे. तिने शिवलेल्या वहाणांना चार गावांतून मागणी होती. खेमाजीने जुना एप्रन तिच्यापुढे ठेवला आणि अगदी असाच एक शिवून दे, म्हणून सांगितले.

ठकूने एप्रन उलटसुलट करून पाहिला. जागोजागी जोड होते, टाके आडवेतिडवे होते, खाली मधोमध फाटल्यासारखा दिसत होता. बापाने उरलेल्या तुकड्यांतून घाईने शिवला असेल, असे तिला वाटले. असले काम आपल्या हातून गेले तर लोक नावे ठेवतील, असेही मनात आले. माप घेऊन तिने तो परत केला. मग घरातले सर्वांत जाड, अखंड कातडे काढले. कडेने लाल दोऱ्याची वेल काढली. तेल चोळचोळून चकाकी आणली. बाजाराच्या दिवशी तो एप्रन तिने दुकानापुढे टांगला. येणारा-जाणारा थांबून पाहू लागला. खेमाजी न्यायला आला, तेव्हा चारचौघांत त्यानेही तिची वाखाणणी केली.

पंधरा दिवसांनी ठकू खेमाजीच्या भट्टीवरून जात होती. त्याच्या अंगावर जुनाच एप्रन होता. नवा खुंटीवर होता. ठकूला ते फार लागले. त्या वाटेने जाणेच तिने सोडले. म्हाताऱ्याला कामाची पारख नाही, असे ती शेजारणींना सांगू लागली.

महिना उलटला. एके दिवशी घाव घालताना तापल्या लोखंडाचा तुकडा उडाला. जुने कातडे जाळून तो खेमाजीच्या उजव्या मांडीत रुतला. ठकूला कळताच ती धावत गेली. गिरजा जखमेवर कोरफडीचा गर लावत होती. जखम खोल होती.

“नवा एप्रन असताना जुना का बांधलात, काका?” ठकूने विचारले.

खेमाजीने खुंटीवरच्या नव्या एप्रनकडे पाहिले. मग म्हणाला, “पोरी, तो बांधून मला बसता येत नाही. बसलो की वर सरकतो आणि हनुवटीला लागतो.”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“सगळा बाजार तुझं कौतुक करत होता. माझ्या मित्राची लेक तू. तोंडातून शब्द निघेना.”

तुम्ही बोलला नाहीत, यात माझा काय दोष, असे ठकूला म्हणता आले असते. ते अगदीच खोटे नव्हते. पण त्या जखमेवरून तिची नजर हलेना.

“चूक माझी आहे, काका,” ती म्हणाली. “तुमच्याकडे न बघताच मी कातडं कापलं.”

तिने दोन्ही एप्रन मागून घेतले आणि घरी येऊन जुन्याचा एकेक टाका उसवला. तेव्हा कुठे तिला बापाचे काम दिसले. पोटापाशी त्याने शेळीचे मऊ कातडे लावले होते, वाकताना घडी पडावी म्हणून. मांडीवर म्हशीचे कातडे होते, आता झिजलेले, पण मुळात जाड. बसल्यावर दोन्ही पाय झाकले जावेत, म्हणून खाली मधोमध चीर दिली होती. आडवेतिडवे टाके नेमके अंग मुडपते तिथे होते. कातडे कापण्याआधी मसाजीने आपल्या मित्राला कामावर बसलेला नीट पाहिला होता. ते तुकडे मांडीवर घेऊन ठकू कितीतरी वेळ रडली.

खेमाजी बरा होऊन, तेवढ्यापुरते ओले गोणपाट बांधून कामाला बसला, तेव्हा ती तीन दिवस भट्टीपाशी नुसती बसून राहिली. भाजलेला पाय आता पूर्वीसारखा दुमडत नव्हता. खेमाजी तो पुढे पसरून बसे. म्हणून तिने बापाचा नमुनाही जसाच्या तसा उचलला नाही, उजवी बाजू वीतभर लांब ठेवली. लागणारे जाड कातडे तिने आपल्या त्या देखण्या एप्रनमधूनच कापले. रापीने कातडे कापताना लाल वेल मधोमध तुटली, तरी तिचा हात थांबला नाही.

हा एप्रन कोणी पाहायला आले नाही. खेमाजीने तो बांधला, खाली बसला आणि हातोडा उचलला. दुपारी गिरजाने जेवायला हाक मारली. हात धुऊन तो तसाच पानावर बसला आणि भाकरी मोडू लागला. एप्रन अंगावर आहे, हे तो विसरूनच गेला होता.

ठकू दारातून पाहत होती. मग ती आपल्या घरी निघाली.

तात्पर्य: ज्याच्यासाठी काम करायचे, त्याच्याकडे आधी पाहावे. लोकांच्या वाहवेसाठी केलेले काम कितीही देखणे असले, तरी त्याच्या उपयोगी पडत नाही.