आधी तुझी लेक

“मग आता नातवाला घिऊ नव्हं मी?”

मठात भांडी घासणाऱ्या सोनाक्कानं मनगट पुढं करून विचारलं. तिथल्या गजकर्णानं तिला लेकीच्या बाळापासून लांब बसवलं होतं. जुनी मलमं लावून बिचारी थकली होती.

“खुशाल घ्या,” हेरंब म्हणाला. नवं औषध त्यानंच प्रयोगशाळेत घडवलेलं. “बुरशी साफ मेली. काल खरवडून तपासलं, काही सापडलं नाही. महाराज, आता तुम्ही हो म्हणा. उद्यापासून साऱ्या गावाला देऊ.”

स्वारी भलतीच खुशीत होती. महाराजांच्या पायावर घालायला आणलेली त्याची तान्ही लेक त्याच्या मांडीवर झोपली होती.

सिद्धाप्पा महाराज संन्यासाआधी त्वचारोगाचे डॉक्टर. हेरंब त्यांच्याच हाताखाली शिकलेला. मठाचा दवाखाना अजून तेच बघत. त्यांनी सोनाक्काचं मनगट उजेडात धरलं.

“बरी झाली म्हणतोस?”

“शंभर टक्के.”

“मग आधी तुझी लेक दे तिच्याकडे.”

हेरंब हसला. महाराज हसले नाहीत.

सोनाक्कानं हात पदराखाली ओढून घेतले. “नगं महाराज... लेकरू कवळं हाय.”

“थांब, बाई. त्याला देऊ दे.”

हेरंबनं लेकीला उचललं. हात अर्ध्यावर थांबले. काल आपण नेमकं कुठं खरवडलं, ते त्याला आठवलं.

मधोमध. जिथं कातडी नितळ दिसत होती तिथं.

गजकर्ण मधून आधी निवळतं आणि कडेनं पसरत राहतं, हे महाराजांनीच शिकवलेलं. यशाच्या घाईत गडी तेवढंच विसरला होता.

त्यानं लेकीला महाराजांच्या मांडीवर ठेवलं. बोथट पातं घेतलं आणि या वेळी कड खरवडली. खरवड काचपट्टीवर घेऊन तिच्यावर कातडी विरघळवणाऱ्या द्रवाचा थेंब टाकला. ती विरघळेपर्यंत वाट बघितली. मग त्यानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

बुरशीचे तंतू होते. चांगले लांबलचक.

“सोनाक्का...” त्याला तिच्याकडे बघवेना. “अजून नाही. औषध चालू ठेवा. चूक माझी आहे.”

तिचे डोळे भरले. “बरं झालं इचारलं,” एवढंच ती म्हणाली.

ती गेल्यावर हेरंबनं मान खाली घालूनच विचारलं, “महाराज, तुम्हाला आधीच ठाऊक होतं?”

“मला कुठलं रे... तुझ्या हातांना ठाऊक होतं.”