भोरडीचा धूर

“…पण बाबा, चौघांचे शिक्के एका कागदावर आहेत. मग भोरडीचा धूर दिसला तेव्हा एकाचाही घोडा का हलला नाही?”

विचारणारा महिपतराव. निवडी राज्याच्या राजाचा वकील, म्हणजे परक्या दरबारात राजाच्या वतीने बोलणारा माणूस. डोक्यावर बर्फ, जिभेवर साखर. आज मात्र साखर विरघळली होती.

ज्यांना विचारलं ते खुशालगिरी गोसावी. नदीकाठी झोपडी, पुढे धुनी. डोळे मिटलेले. ऐकतात की झोपतात, कधी कुणाला कळलं नाही.

आश्विनातली सकाळ. धुकं इतकं की नदी नुसती ऐकू येत होती.

थोडं आधीचं सांगायला हवं. निवडी, मोरवण, कासारगड, बोरखळ. चार राज्यं, आणि चौघांच्या मध्ये एक घाट. दसरा झाला, नद्या उतरल्या, की त्या घाटातून पेंढारी यायचे. आज याचं गाव जळायचं, उद्या त्याचं. शेजारच्याचं जळलं की बाकीचे तिघे हळहळायचे. हळहळायला काय जातं?

महिपतरावाने तीन वर्षं चारही दरबारांचे उंबरे झिजवले आणि तह घडवून आणला. कुठल्याही गावाने धूर केला, की चौघांनी धावायचं.

कुणाचा शिक्का वर आणि कुणाचा खाली, यावरच सहा महिने गेले. राजेच ते! मानपानाशिवाय त्यांना घास उतरत नाही. शेवटी या पठ्ठ्याने कागदच गोल कापला. कडेने चार शिक्के. ना वर, ना खाली.

आणि तरी गेल्या कार्तिकात भोरडी जळाली. धूर चारही गडांवरून दिसत होता.

“दाखव तो तह,” बाबा म्हणाले.

महिपतरावाने कागद दिला. बाबांनी तो हातात फिरवला. पुन्हा फिरवला.

“भोरडीचं नाव कुठाय रे यात?”

“मुद्दामच नाही घातलं, बाबा. भोरडी बरोबर शिवेवर. नाव घातलं असतं तर कुणाच्या मुलखात घालायचं? तिथेच तह मोडला असता. म्हणून ‘सरहद्दीवरील गावे’ असं मोघम ठेवलं.”

“वा! हुशार आहेस.”

महिपतराव खूश व्हायला गेला, आणि मध्येच थांबला.

“बाबा, दसरा आठ दिवसांवर आलाय. मी चौघांना इथे आणतो. तुमच्यासमोर बेलभंडार उचलून शपथ घेतील. गोसाव्यापुढची शपथ मोडायची कुणाची छाती नाही.”

“धूर झाला तेव्हा तू कुठे होतास?”

“…गडावर. महाराजांशेजारी.”

“राजा काय म्हणाला?”

“म्हणाले, राव, निघू का?”

“मग?”

धुनीतलं लाकूड तडतडलं.

“मी म्हणालो… जरा थांबू. मोरवणचे स्वार आधी निघू देत. आपण सगळे तिकडे गेलो आणि ते आपल्या रिकाम्या गडावर चालून आले तर?”

“आणि मोरवणात?”

“तिथेही असंच कुणीतरी म्हणालं असणार.”

“भोरडीत तुझं कोण?”

महिपतरावाने उपरण्याने तोंड पुसलं. पुसून झालं तरी उपरणं तोंडावरून काढवेना.

“धाकटी बहीण. सगुणा. त्या दिवशी मेहुणे गेले… मी न्यायला गेलो होतो. म्हटलं, गडावर चल, माझ्या घरी. तिने दारातच पाणी दिलं. बोलली नाही. अजून तिथेच आहे, बाबा. जळक्या भिंतीला टेकून चूल मांडलीय. या दसऱ्यानंतर पुन्हा तेच झालं तर मी… मला जगता यायचं नाही.”

बाबा उठले.

“चल.”

दोघे काठावर आले. धुक्यात एक नाव उपडी घातलेली, आणि सटवा नावाडी तिच्या फटींत तेलात भिजवलेल्या चिंध्या कोंबत होता. बाळाला तीट लावावी तसं जपून.

महिपतराव वाकून बघतो तो काय, नावेच्या टोकाला मोरवणचा लाल पट्टा!

“अरे, ही तर त्यांची! आपली कुठाय?”

“पलीकडे, मोरवणच्या काठाला,” सटवा म्हणाला.

“चोरली?”

“चोरताहेत कशाला, रावसाहेब? मीच नेऊन बांधली.”

“शत्रूच्या काठाला?”

सटवाने हात पुसले.

“पूर्वी आमची आमच्याकडं असायची, त्यांची त्यांच्याकडं. मोठा पूर आला त्या साली त्यांची वाहून गेली. माणसं झाडावर चढून हाका मारत होती. आम्ही या काठावर उभे. म्हटलं, नाव घातली, ती बुडाली, अन् घटकेनं आपल्यालाच लागली तर?… सात जणं गेली, रावसाहेब. हाका थांबल्या तेव्हा कळलं, काय केलं ते. तेव्हापासून अदलाबदल. त्यांची आम्ही सांभाळायची, आमची त्यांनी.”

“आणि त्यांनी तुमची फोडली म्हणजे?”

“मग त्यांची आहेच की माझ्या हातात!” सटवा हसला. “पण तसं मनातच येत नाही बघा. आपली चीज पलीकडं असली, की माणूस उठल्यासुटल्या पलीकडंच बघतं.”

तेवढ्यात धुकं जरासं विरलं. पलीकडचा काठ पाण्यावर उचलून धरल्यासारखा दिसला. तिथेही एक नाव उपडी होती. तिथेही एक माणूस वाकून फटी बुजवत होता. त्याने मान वर केली, हात हलवला. सटवाने हलवला. मग धुकं पुन्हा मिटलं, आणि तो काठ होता की भास, महिपतरावाला सांगता येईना.

मग तो एकदम उसळला.

“कळलं, बाबा! शिबंदीची अदलाबदल! मोरवणचे शंभर शिपाई आमच्या गडावर, आमचे शंभर त्यांच्या. तहात अठरावं कलम घालतो. आजच मसुदा…”

बाबा वाळूत बसले. पाण्यात पाय सोडले.

“घाल.”

“पण…” महिपतरावाचा आवाज उतरला. “पहिले शंभर कोण पाठवणार? आमचे महाराज म्हणणार, आधी त्यांनी. ते म्हणणार, आधी यांनी. यातच दोन दसरे जातील.”

“जातील.”

“मग मी करू काय? माझ्या हातात ना गड, ना फौज!”

“निवडीचा राजा जेवायला कधी बसतो?”

हे काय मध्येच? पण बाबांना विचारणार कोण!

“मी आल्यावर. महाराज माझ्यावाचून पानावर बसत नाहीत.”

“आणि मोरवणकर?”

“त्यांच्या मुलीचं लग्न मी जमवलं. मला भाऊ म्हणतात.”

“कासारगड? बोरखळ?”

“कासारगडच्या आईसाहेबांनी मला भाऊबीजेला ओवाळलंय. बोरखळकर तर दर चार दिवसांनी माणूस पाठवतात, राव बरे आहेत ना म्हणून.” बोलता बोलता तो सावकाश झाला. “चौघांनाही माझ्यावाचून… चालत नाही, बाबा.”

त्याने तोंडातून निघालेले शब्द स्वतःच ऐकले. रंग उतरला. नजर उपड्या नावेच्या लाल पट्ट्यावर गेली.

पाणी वाहत होतं. सटवाची ठोकठोक कुठूनतरी लांबून येत होती.

“बाबा… मी लढवय्या नाही हो. मला तलवार धरता येत नाही. भोरडीत पेंढारी आले तर… मला भीती वाटते.”

“वाटणारच.”

“सगुणालाही वाटत असेल,” महिपतराव अगदी हळू म्हणाला.

बाबांनी डोळे मिटले. झोपले, असंच वाटलं.

“दसऱ्याला सीमोल्लंघन करतोस ना रे?”

“दरसाल, बाबा. महाराजांबरोबर वाजतगाजत जायचं. शीव ओलांडायची, आपट्याची पानं लुटायची, घरी यायचं.”

“यंदा भोरडीकडची शीव ओलांड,” बाबा डोळे न उघडता म्हणाले, “…आणि घरी येऊ नकोस.”