बोटांचा वेग आणि मावशीचा चष्मा

२२ ऑक्टोबर, मंगळवार. आकाश निरभ्र, वारा पडलेला, सकाळपासून उकाडा.

समुद्रकाठच्या एका गावात एक वाचनालय होते आणि वाचनालयात एक संगणक होता. तो दिगंबर पेडणेकर सांभाळी. गाव त्याला दिगू म्हणे. दिगूला कोणी शिकवले नव्हते. कुठले बटण दाबले की काय होते, हे त्याने एकेक करून स्वतःच शोधून काढले होते. कंट्रोल आणि टी दाबले की नवे पान उघडते. स्पेसबार दाबला की पान खाली सरकते. कंट्रोल आणि डब्ल्यू दाबले की पान मिटते. माऊस त्याने केव्हाच खणात टाकला होता. कोणाचे काही शोधायचे असो, माणूस खुर्चीत नीट टेकेपर्यंत दिगूचे काम उरकलेले असे. या वेगाचा त्याला फार अभिमान होता.

पेपर वाचायला येणारे म्हातारे त्याची थट्टा करीत. “दिगू घास पण कंट्रोल दाबून गिळता,” असे ते म्हणत आणि दिगू ती शाबासकीच समजे.

गावातली सुंदरामावशी रोज वाचनालयात येई. तिचा एकुलता एक मुलगा विश्राम मालवाहू जहाजावर खलाशी होता. भर समुद्रात फोन लागत नाही. पण कुठले जहाज कुठे आहे, हे नकाशावर ठिपक्याने दाखवणारे एक संकेतस्थळ दिगूला ठाऊक होते. विश्रामच्या जहाजाचे नाव ‘ओशन लिली’. मावशी आली की दिगू नाव टाकी, ठिपका दाखवी आणि पान मिटून टाकी. मावशी पिशवीतून चष्म्याचे घर काढी, चष्मा पदराला पुसी, डोळ्यांवर चढवी. तोवर समोर कोरा पडदा असे.

“मेल्या, चष्मो नाकार येऊक तरी दी!” ती म्हणे.

“मावशी, तुझ्या चष्म्यापेक्षा माझी बोटां बेगीन चलतत,” दिगू हसून म्हणे. मावशीही हसे आणि घरी जाई. मुलगा सुखरूप आहे एवढे कळले की तिला पुरे होई.

त्या मंगळवारी मात्र ती हसत नव्हती. दूर पश्चिमेच्या समुद्रात वादळ उठल्याची बातमी सकाळीच आली होती आणि ओशन लिली त्याच बाजूने ओमानच्या सलाला बंदराकडे निघाले होते.

“दिगू, आधी माझा बघ.”

त्या नावाची दोन जहाजे यादीत येत. रोज दिगू खालच्या बाणाचे बटण एकदा दाबून दुसरे निवडी, कारण विश्रामचे जहाज दुसरे होते. आज वाचनालयात गर्दी होती, सगळ्यांची कामे जेवणाच्या सुट्टीआधी संपवून दाखवीन, अशी त्याने बढाई मारली होती. नाव टाकले, एंटर दाबले. बाण राहून गेला.

“बंदरात उभा आसा. पोचला!” दिगू म्हणाला आणि त्याने पान मिटले.

“खराच? बंदराचा नाव काय रे?”

“बंदर ता बंदर. जहाज पोचला, झाला!”

मावशीने तिथेच हात जोडले. डोळे पुसत ती इतक्या लगबगीने निघाली की चष्म्याचे घर चष्म्यासकट टेबलावरच राहिले.

दुपारी वाचनालय बंद करताना दिगूला ते दिसले. जाता जाता द्यावे, असे त्याने ठरवले. मग वाटले, ती पुन्हा बंदराचे नाव विचारील. त्याने कंट्रोल, शिफ्ट आणि टी पुन्हा पुन्हा दाबले. सकाळपासून मिटलेली पाने एकेक करून परत आली आणि शेवटी मावशीचे उघडले. या खेपेला घाई नव्हती, म्हणून त्याने प्रथमच ते नीट पाहिले. ठिपका बंदरातच होता. पण ते बंदर दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर होते.

दिगू खुर्चीत बसला. मनात आले, वादळ काय, ओसरेल. जहाज आज ना उद्या पोचेलच. कशाला सांगायचे? निदान आजचा दिवस तरी मावशी सुखाने जेवेल. पण हातात तिच्या चष्म्याचे घर होते, आणि ते घेऊन तिच्यासमोर उभे राहायचे होते.

तो गेला तेव्हा मावशी समुद्राला नारळ देऊन आली होती आणि तांदळाच्या शेवटच्या शेवया पाडीत होती.

“ये रे बाबा! शेवयो खाऊन जा.”

“मावशी, माझा चुकला,” दिगू दारातूनच म्हणाला. “पोचला ता दुसरा जहाज. नाव तसाच, पण ता आपला न्हय.”

मावशीचा हात थांबला. “आणि माझो विश्राम?”

“ता मी बघूकच नाय.”

मावशी उठली, तिने हात धुतले आणि चष्म्यासाठी पुढे केले. “चल. आता बघूया.”

वाचनालय पुन्हा उघडले. दिगूने नाव टाकले, बाण दाबला, एंटर दाबले. ठिपका भर समुद्रात होता. शेवटचा संदेश आदल्या संध्याकाळचा. त्यानंतर काहीच नाही. दिगूची बोटे सवयीने कंट्रोलकडे गेली.

“मिटू नको,” मावशी म्हणाली. “बोटां मागे घे.”

त्याने हात मांडीवर ठेवले. तिने सावकाश चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि नकाशाला नाक लावले. दिगूने कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह दाबून अक्षरे मोठी केली. त्याला हे बटण पहिल्यापासून माहीत होते. मावशीसाठी ते दाबायचे त्याला कधी सुचले नव्हते.

तिने एक बोट कोकणच्या किनाऱ्यावर टेकवले, दुसरे ठिपक्यावर. “हंय मिया, थंय तो,” ती म्हणाली आणि बोटे उचलेना.

“वरचा ह्या एफ पाच बटण दाबलंस की पान ताजा होता,” दिगूने सांगितले. “तूच दाब.”

तिने दाबले. ठिपका तिथेच. थोड्या वेळाने पुन्हा दाबले. दिगूने मावशीच्या घरून शेवया आणल्या, नारळाच्या गोड रसात बुडवून दोघांनी तिथेच खाल्ल्या. मध्येच मावशी म्हणाली, “तुका आज काम नाय?” दिगू म्हणाला, “ह्याच काम.” पेपर वाचायला म्हातारे आले, त्यांनी पाहिले आणि कोणी थट्टा केली नाही.

दिवेलागणीला मावशीने पुन्हा एफ पाच दाबले. ठिपका हलला होता. ओशन लिली सलाला बंदरात धक्क्याला लागलेले होते. दिगूने बंदराचे नाव मोठ्याने वाचून दाखवले आणि पान उघडेच ठेवले.

तात्पर्य: घाईने उरकलेले काम झाल्यासारखे दिसते, पण होत नाही. हात वेगाने चालवून वाचलेला वेळ नीट पाहण्यात आणि शेजारी बसलेल्या माणसासाठी खर्च करावा.