शंभरातले अठ्ठ्याण्णव अंदाज

राजधानीतल्या नामांकित विज्ञान संस्थेत आपल्या मुलाचा नंबर लागेल का, हे विचारायला तालुक्यातले लोक अष्टपुत्रे सरांकडे जात. सरांच्या खुर्चीमागे ठळक पाटी होती: ‘शंभरातले अठ्ठ्याण्णव अंदाज खरे.’

पिठाची गिरणी चालवणारे दत्तू गुंजाळ लेकीला, तेजश्रीला, घेऊन आले. हातात संस्थेचा कोरा फॉर्म होता. सरांनी गुणपत्रिकेवर नजर टाकली न टाकली तोच ती परत सरकवली.

"नाही लागायचा नंबर. फॉर्म भरायच्या भानगडीत पडू नका."

दत्तूंनी मुकाट्याने फॉर्मची घडी घातली. तेजश्री मात्र गिरणीत वाढलेली. दळायच्या आधी धान्यातला खडा तिच्या बोटांना बरोबर लागायचा.

"सर, या संस्थेसाठी आजवर किती जण तुमच्याकडे आले?"

"बरोबर शंभर."

"प्रवेश किती जणांना मिळाला?"

"दोघांना."

"त्या दोघांना तुम्ही काय सांगितलं होतं?"

सर चष्मा पुसू लागले. "त्यांनाही नाहीच म्हटलं होतं. तेवढेच दोन अंदाज चुकले."

"म्हणजे शंभरही जणांना नाहीच म्हणालात. मग सर, गुणपत्रिका कशाला बघता? दारावर ‘नंबर लागणार नाही’ अशी पाटी लावली असती, तरी तीही अठ्ठ्याण्णव वेळा खरी ठरली असती."

दत्तूंनी फॉर्मची घडी उलगडली, सरांच्याच टेबलावर तो नीट पसरला आणि अदबीने विचारलं, "सर, जरा पेन देता का?"