जखम भरेपर्यंत

फार पूर्वी पद्मावर्त नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्माला आला होता. गुरूच्या घरी राहून त्याने औषधं आणि शस्त्रकर्म दोन्ही शिकून घेतलं होतं.

त्याच नगरात घाणेवाल्यांच्या आळीत पदुमा नावाची एक तरुण आई राहत असे. लेक चंपी शांत झोपली, की ही तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची. इतर बायकांना आईपण येतं, आपल्याला नुसती काळजी येते, असं तिचं स्वतःविषयी मत होतं.

एका सकाळी ती तीळ पाखडत होती. पाठ वळली तेवढ्यात छोट्या चंपीचा पाय फिरत्या घाण्यात सापडला. बैल थांबवला तोवर व्हायचं ते झालं होतं. हाड वाचलं, पण पोटरीची कातडी सोलून निघाली, मांस फाटलं, आणि आतली, टाचेकडे जाणारी पांढरी शीर उघडी पडली.

त्या आळीत कुठल्याही दुखण्यावर एकच औषध होतं, कोमट तेल. सासूबाईंनी तेलात भिजवलेली चिंधी घट्ट गुंडाळली. काही दिवसांत वर खपली धरली, कडा जुळल्या. पदुमाने सुटकेचा निःश्वास टाकला. आणि मग पोरीला ताप भरला, पाय सुजून टरारला. तिने चंपीला उचललं आणि बोधिसत्त्वाचं घर गाठलं.

त्याने गुंगीचं औषध देऊन खपली उघडली. आत पू साचला होता.

"वैद्यबाबा, मिटली होती हो जखम," पदुमा म्हणाली. "मी रोज बघत होते."

"मिटली होती, भरली नव्हती. तुमच्याकडे घागरीवर झाकण ठेवलं, की ती भरते का, ताई?"

"तेल ओतल्याशिवाय कशी भरेल?"

"आणि भरते कुठून?"

"तळापासून," ती म्हणाली.

त्याने मेलेलं मांस कापून काढलं, निंबाच्या काढ्याने पोकळी धुतली, मधात भिजवलेलं मऊ कापड आत ठेवलं आणि वर सैल पट्टी बांधली.

"शिवणार नाही?"

"आत्ता शिवली तर पुन्हा झाकणच होईल. तळ भरू दे. कातडी मागाहून येते."

"नाही आली तर?"

बोधिसत्त्वाने काढ्याचं भांडं खाली ठेवलं. "मांस काळं पडत गेलं, तर पाय काढावा लागेल. आज मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. रोज धुवायला या. निम्मं काम तुम्ही करायचं."

"माझे हात थरथरतात, वैद्यबाबा."

"थरथरू देत. असा हात जोर तरी करत नाही."

ती रोज येऊ लागली. पट्टी पुन्हा पुन्हा उचलून बघण्याची तिला फार सवय. मग तिने घरी जाताना पदराच्या टोकाला गाठ मारायला सुरुवात केली. पट्टीकडे हात गेला, की गाठ चाचपायची. सासूबाई म्हणत, "पदराची सुतळी होईल गं अशाने."

याच सुमारास राजाने शेजारच्या राज्यावर स्वारी ठरवली. सैन्याबरोबर न्यायला त्याला बोधिसत्त्व हवा होता. दूताने येऊन सांगितलं, "राजवैद्यपद आहे. उद्या निघायचं."

"घाण्यात सापडलेल्या एका पोरीची उघडी जखम हाताखाली आहे. ती टाकून मला येता यायचं नाही."

"एका तेलिणीच्या पोरीसाठी?"

"तिच्या पायासाठी," बोधिसत्त्व म्हणाला.

हे ऐकून राजा स्वतःच तिथे आला. रागात होता. तो दारात उभा राहिला तेव्हा उन्हात पदुमा पट्टी सोडवत होती. राजाला पाहून तिच्या हाताची थरथर वाढली, पण हात थांबला नाही. काढ्याची धार पडली, मध धुऊन गेला, आणि पदुमा पुढे वाकली.

इतके दिवस जिथे पिवळट खड्डा होता, तिथे डाळिंबाचे दाणे पेरल्यासारखे बारीक, लालभडक, ओले कण उगवले होते. तळ, कडा, सगळीकडे. पांढरी शीर त्यांनी जवळजवळ झाकून टाकली होती.

"हे काय आहे?" राजाने विचारलं. त्याचा आवाज खाली आला होता.

"मांसाचे अंकुर, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला. "हे मी केलेलं नाही. मी फक्त वाट मोकळी ठेवली. चंपे, बोटं हलव बरं."

चंपीने तोंड वाकडं केलं आणि बोटं हलवली. त्या अंकुरांच्या आत काहीतरी सरकलं. पदुमाला एकदम चंपीच्या जन्माच्या आधीची ती पोटातली पहिली हालचाल आठवली. तेव्हाही कोणी न सांगता आत काम चाललं होतं, आणि ही नुसती घाबरत बसली होती.

राजा उंबऱ्यावरच बसला. "जखमा कशा होतात ते मी खूप पाहिलं," तो म्हणाला. "भरतात कशा, ते पाहायला कधी थांबलो नाही." मग त्याने विचारलं, "अजून किती थांबावं लागेल?"

बोधिसत्त्व बोलण्याआधीच पदुमा म्हणाली, "भरेपर्यंत, महाराज."

आपण राजाला उत्तर दिलं, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती पदराची गाठ शोधू लागली. राजा मात्र उठून निघून गेला. दुसऱ्या दिवशी कूच करायची नौबत वाजली नाही. त्यानंतरही वाजली नाही.

तळ भरला, कडांकडून कातडी सरकत आली. पुढच्या सुगीत चंपी किंचित लंगडत घाण्याभोवती बैलामागे पळत होती, आणि आई ओरडत होती.

एवढं सांगून भिक्षूंचे गुरू, शास्ते, म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे शस्त्र टाकून संघात आलेला हा विजित. चंपी ती रोज अनवाणी भिक्षेला जाणारी मेत्तिका. पदुमा म्हणजे आजाऱ्यांपाशी बसणारी उपासिका सोणुत्तरा, आणि तो वैद्य मी होतो. रोज आपल्या हाताने धुवायचं, आणि भरायचं काम जखमेवर सोपवायचं, ही क्षांती, म्हणजे खरा धीर. त्या जन्मी मला ती ठाऊक होती. पण थरथरत्या हाताने ती कशी पाळतात, ते मी पदुमाकडे पाहून शिकलो."