तिसरा वाडगा

समुद्रापल्याड, परक्या देशातल्या एका बंदरात एकदा एक वृद्ध चिनी वैद्य राहत असे. त्याच्यापाशी नाडी शिकायला एक तरुण शिष्य आला होता, तोही चीनचाच. वर्षअखेरीची संध्याकाळ म्हणजे त्यांच्याकडे मोठा सण. जगाच्या पाठीवर कुठेही असा, त्या दिवशी घरी येऊन एकत्र जेवायचे. शिष्याने आईला येण्याचा शब्द दिला होता, पण वादळामुळे जहाजच सुटले नाही. आज सण आहे हे त्या बंदरात तर कुणाच्या गावीही नव्हते.

"घर नाही तर सण कसला? मी जेवणार नाही," असे म्हणून तो भिंतीकडे तोंड करून बसला. आता तरुण रक्त. रुसवा आधी पोटावरच निघायचा!

वृद्धाने समजूत काढली नाही. आले घालून अख्खा मासा वाफवला, भात केला आणि दोन माणसांच्या घरात तीन वाडगे मांडले. तिसऱ्यात माशाचा सर्वांत चांगला तुकडा वाढला, शेजारी जेवणाच्या काड्या नीट ठेवल्या.

शिष्याला राहवेना. "गुरुजी, हे पितरांचे पान का?"

"छे रे! भलतेच काय बोलतोस? तुझ्या आईचे आहे. दूर असलेल्या माणसाचेही पान मांडायचे असते. तुमच्या घरी ही रीत नाही?"

"नाही. आमच्यातले दूर कुणी गेलेच नव्हते."

"आता गेले ना! आईला हे शिकवावे लागत नाही. तिनेही तुझा वाडगा भरला असेल. पोराने खाल्ले असेल, अशी मनाची समजूत घालून ती बापडी घास गिळत असेल. तू उपाशी राहून तिला खोटे पाडणार? रुसायचे तर वादळावर रूस, अन्नाने काय केले?"

शिष्याला रडू आवरेना. डोळे पुसून तो मुकाट्याने जेवायला बसला. दोन घास खाल्ल्यावर मात्र त्याचा हात थांबला.

"गुरुजी, तिकडे तुमचे पान कोण मांडते?"

"मांडणारे होते, ते गेले. बरीच वर्षे झाली."

"पुढच्या वर्षी मी घरी असेन. माझ्या शेजारी तुमचे पान मांडीन."

वृद्धाने आपला वाडगा पुढे केला.

"असे म्हणतोस? तर वाढ आणखी थोडा भात. कुणी वाट पाहणारे असले, म्हणजे माणसाला पोटभर जेवावे लागते."